इंटरनेटची आडनावे



इतिहास म्हटला की ताम्रपट, सनदा, बखरी आणि किल्ले आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. ‘डॉट कॉम’, ‘डॉट इन’, ‘डॉट ऑर्ग’ या शेपटांचा विचार इतिहासाच्या व्यासपीठावरून करावयाचा, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु ज्या गोष्टीला आरंभ आहे, वाढ आहे, जिच्यापायी भांडणे झाली, तह झाले आणि जिचा वारसा कोणाकडे जावा याचे निवाडे करावे लागले, तिला इतिहास आहे असेच म्हटले पाहिजे. इंटरनेटवरील प्रत्येक पत्त्याच्या शेवटी जे दोन-चार अक्षरांचे पद येते, त्याचा इतिहास तर अवघा चाळीस वर्षांचा आहे. पण तेवढ्यात त्याने राज्ये बुडालेली पाहिली, नवी उदयाला आलेली पाहिली आणि एका चिमुकल्या देशाची तिजोरीही भरली.

हा विषय समजण्यास आपल्या आडनावांची पद्धत फार उपयोगी पडते. आपल्याकडे आडनावांचे दोन ठळक वर्ग आहेत. ‘सातारकर’, ‘नागपूरकर’, ‘चिपळूणकर’ ही आडनावे माणूस कोठला ते सांगतात. ‘कुळकर्णी’, ‘देशपांडे’, ‘जोशी’, ‘सोनार’ ही त्याच्या घराण्याचा अधिकार किंवा धंदा सांगतात. इंटरनेटवरील शेवटच्या पदांचेही हेच दोन मूळ वर्ग आहेत. ‘इन’, ‘यूके’, ‘जेपी’ ही ‘कर’ जातीची. ती देश सांगतात. ‘कॉम’, ‘एज्यु’, ‘गव्ह’ ही ‘कुळकर्णी’ जातीची. ती काम सांगतात. आणि जसे आज प्रत्येक सातारकर साताऱ्यात राहत नाही, आणि १९५० च्या कायद्याने वतन गेल्यावरही कुळकर्णी हे आडनाव मात्र राहिले, तसेच या पदांचेही झाले आहे. नाव एक सांगते आणि वस्तुस्थिती दुसरीच असते. हे अंतर कसे पडत गेले, तोच आजच्या व्याख्यानाचा विषय.

एका यादीपासून आरंभ

अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशाने १९६९ साली ‘आर्पानेट’ नावाचे जाळे सुरू झाले. वर्षअखेरीस त्यात चार ठिकाणे होती. यंत्रे एकमेकांना आकड्यांनी ओळखतात, पण माणसाला आकडे लक्षात ठेवणे जड जाते. म्हणून कोणत्या आकड्याला कोणते नाव, याची एक यादी ठेवण्यात आली. ही यादी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत असे, आणि एलिझाबेथ फाइनलर या बाई तेथील माहिती केंद्राच्या प्रमुख होत्या. नवे यंत्र जोडले की या केंद्राला कळवावयाचे, केंद्राने नाव यादीत चढवावयाचे आणि बाकीच्या सर्वांनी ती यादी उतरवून घ्यावयाची, अशी रीत होती.

गाव लहान असते तोवर तलाठ्याच्या एका वहीवर कारभार चालतो. जाळे वाढले तशी ही वही अपुरी पडू लागली. दोघांनी एकच नाव मागितले तर काय करावे? आज उतरवलेली यादी उद्या शिळी झाली तर पत्र कोठे जावे? शिवाय, शेकडो यंत्रांनी तीच लांबलचक यादी वरचेवर मागवावी, याचा भारही वाढत चालला.

यावर उपाय शोधण्याचे काम दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेतील जॉन पोस्टेल यांनी आपले सहकारी पॉल मोकापेट्रिस यांच्याकडे सोपविले. मोकापेट्रिस यांनी नोव्हेंबर १९८३ मध्ये जी योजना मांडली, तिचे मर्म एका वाक्यात सांगता येते: सगळी नावे एका वहीत ठेवू नयेत, प्रत्येक पातळीने आपल्या खालच्या पातळीची वही ठेवावी. केंद्राला फक्त जिल्हे ठाऊक असावेत, जिल्ह्याला तालुके, तालुक्याला गावे. आपण पत्रावर ‘मुक्काम पोस्ट अमुक, तालुका तमुक, जिल्हा सातारा’ असे लहानाकडून मोठ्याकडे लिहीत जातो; टपाल खाते मात्र तो पत्ता शेवटाकडून वाचते. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव. इंटरनेटचा पत्ताही तसाच उजवीकडून वाचावयाचा असतो. सर्वांत उजवीकडचे पद म्हणजे जिल्हा. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. व्याख्यानाच्या शेवटी तिचा उपयोग होणार आहे.

ही दिशा सर्वांनी लगेच मान्य केली असे नाही. ब्रिटनच्या विद्यापीठांच्या जाळ्यात पत्ते उलटे, म्हणजे आधी देश आणि शेवटी विभाग, असे लिहीत. त्यातून एक गमतीची अडचण उभी राहिली. संगणकशास्त्र विभागाचे इंग्रजी संक्षिप्त रूप ‘सीएस’, आणि चेकोस्लोव्हाकियाचे देशचिन्हही ‘सीएस’. एका दिशेने वाचावे तर पत्र शेजारच्या विभागात जावयाचे, दुसऱ्या दिशेने वाचावे तर ते चेकोस्लोव्हाकियाच्या वाटेला लागावयाचे!

कामाची नावे

ऑक्टोबर १९८४ मध्ये पोस्टेल आणि जॉइस रेनॉल्ड्स यांनी पहिली पदे निश्चित केली. सरकारसाठी ‘गव्ह’, शिक्षणसंस्थांसाठी ‘एज्यु’, व्यापारासाठी ‘कॉम’, लष्करासाठी ‘मिल’ आणि इतर संस्थांसाठी ‘ऑर्ग’. लवकरच जाळे चालविणाऱ्यांसाठी ‘नेट’ त्यात आले. येथे एक गोष्ट नजरेत भरते. ‘गव्ह’ म्हणजे सरकार, पण कोणाचे? अमेरिकेचे. ‘मिल’ म्हणजे सेना, तीही अमेरिकेचीच. ब्रिटनने १८४० साली जगातले पहिले टपाल तिकीट काढले, म्हणून आजही त्या देशाच्या तिकिटावर देशाचे नाव छापलेले नसते. जो प्रथम येतो त्याला आपला पत्ता सांगावा लागत नाही. बाकीच्यांनी तो सांगावयाचा. आपल्या सरकारला ‘गव्ह’च्या पुढे ‘इन’ लावावे लागते, ते याच कारणाने.

‘कॉम’ या पदाखालचे पहिले नाव मॅसॅच्युसेट्समधील सिम्बॉलिक्स या संगणक कंपनीने १५ मार्च १९८५ रोजी नोंदविले. त्या सबंध वर्षात ‘कॉम’मध्ये सहा नावे नोंदली गेली. नोंदणीला पैसे पडत नसत. नाव ही विकावयाची वस्तू आहे, असे त्या वेळी कोणाच्या मनातही नव्हते. सप्टेंबर १९९५ मध्ये अमेरिकन सरकारच्या वतीने नोंदणी करणाऱ्या कंपनीला शुल्क घेण्यास परवानगी मिळाली: दोन वर्षांना १०० डॉलर. त्या दिवसापासून नावाचा बाजार सुरू झाला. व्यापारासाठी नेमलेले ‘कॉम’ कोणीही घ्यावे असे झाले. ‘ऑर्ग’ आणि ‘नेट’ यांचेही कुंपण मोडले. ‘एज्यु’, ‘गव्ह’ आणि ‘मिल’ यांच्या दारावरचा पहारा मात्र टिकला.

देश म्हणजे काय?

कामाच्या नावांपेक्षा देशांच्या नावांचा इतिहास अधिक रंजक आहे. देशांना दोन अक्षरांची पदे द्यावयाची ठरले, तेव्हा एक अवघड प्रश्न पुढे आला: देश कोणाला म्हणावे? हा प्रश्न राजकारणाचा, आणि प्रसंगी रक्तपाताचा. पोस्टेल यांनी त्यातून मोठ्या शहाणपणाने अंग काढून घेतले. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९७४ साली देशांच्या दोन अक्षरी चिन्हांची एक यादी प्रसिद्ध केलेली होती. त्यांनी तीच जशीच्या तशी उचलली. देश कोणता आणि कोणता नव्हे हे ठरविणे आपले काम नाही, अशी भूमिका त्यांनी १९९४ च्या मार्च महिन्यात लेखी नमूद करून ठेवली.

या एका निर्णयाने पुष्कळ तंटे टळले. पण त्याचे काही अनपेक्षित परिणामही झाले. त्या यादीत निर्मनुष्य बेटे होती, अंटार्क्टिका होते, पारतंत्र्यातील प्रदेश होते. त्या सर्वांना पदे मिळाली. पॅलेस्टाइनला संयुक्त राष्ट्रांनी निरीक्षक राष्ट्राचा दर्जा २०१२ साली दिला. ‘पीएस’ हे पद त्याला २००० सालीच मिळाले होते. ब्रिटनचे यादीतील चिन्ह खरे म्हणजे ‘जीबी’. पण ‘यूके’ आधीच रूढ झाले होते, म्हणून तेच राहिले. रूढी शास्त्राहून बलवान असते, ती अशी.

राज्ये मोडली तेव्हा या पदांची खरी परीक्षा झाली. सोव्हिएट संघाला ‘एसयू’ हे पद सप्टेंबर १९९० मध्ये मिळाले आणि डिसेंबर १९९१ मध्ये तो संघच विसर्जित झाला. रशियाला १९९४ साली ‘आरयू’ मिळाले. तरी ‘एसयू’ काही गेले नाही. क्रेमलिनवरचा लाल झेंडा उतरला, पण त्यानंतर तीन दशके उलटून गेली तरी त्या नावाखाली नवी नोंदणी होतच राहिली. पूर्व जर्मनीची गोष्ट उलट. त्याच्यासाठी ‘डीडी’ हे चिन्ह यादीत होते; पण ते जाळ्यात येण्यापूर्वीच १९९० साली जर्मनी एक झाली. युगोस्लाव्हियाचे ‘वाययू’ तर वारसाहक्काच्या दाव्यात सापडले. ते चालविणारी मंडळी स्लोव्हेनियात होती आणि स्लोव्हेनिया १९९१ मध्ये फुटून निघाला. ज्याच्या हाती वही, तो देशाबाहेरचा झाला! पुढे १९९४ मध्ये ते बेलग्रेडकडे आले आणि अखेर ३० मार्च २०१० रोजी जाळ्यातून काढून टाकण्यात आले. एका राष्ट्राचे नाव अशा रीतीने एका ठरलेल्या दिवशी पुसले गेले. ज्यांनी त्या नावाखाली आपली पत्रे, लेख आणि नोंदी ठेवल्या होत्या, त्यांचे पत्ते त्या दिवशी निकामी झाले. बखर जळाली तर इतिहासकार हळहळतो. पत्ता मेला तरी तसेच हळहळावयास हवे.

अक्षरांचे दैव

काही देशांना मात्र ही दोन अक्षरे लॉटरीच्या तिकिटासारखी लाभली. पॅसिफिक महासागरातील तुवालू हा नऊ बेटांचा देश. क्षेत्रफळ २६ चौरस किलोमीटर, वस्ती सुमारे ११ हजार. त्याच्या वाट्याला ‘टीव्ही’ ही अक्षरे आली. दूरचित्रवाणीच्या धंद्यातील लोकांना ती हवी होती. बारा वर्षांत पाच कोटी डॉलर देण्याच्या कराराने तुवालूने त्यांचा वापर भाड्याने दिला. त्या पैशाच्या बळावर संयुक्त राष्ट्रांच्या सभासदत्वाचा खर्च झेपला आणि ५ सप्टेंबर २००० रोजी हा देश त्या संघटनेचा सभासद झाला. आज समुद्राची पातळी चढत आहे आणि ही बेटे जेमतेम चार-पाच मीटर उंच आहेत. भूमी बुडाली तरी तुवालूचे राज्य कायम मानले जाईल, असे ऑस्ट्रेलियाने २०२३ च्या तहात मान्य केले आहे. पायाखालची जमीन गेली आणि नाव उरले, असा प्रसंग तेथे येऊ शकतो.

कॅरिबियनमधील अँग्विला या ब्रिटिश मुलखाची अक्षरे ‘एआय’. कृत्रिम बुद्धिमत्तेचे इंग्रजी लघुरूपही तेच. २०२३ साली या दोन अक्षरांनी त्या बेटाला सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर मिळवून दिले. त्याच्या सरकारी उत्पन्नाचा हा जवळजवळ पाचवा हिस्सा होय.

परंतु सर्वांचेच दैव असे गोड नाही. ‘आयओ’ हे पद संगणक क्षेत्रातील तरुण कंपन्यांना प्रिय आहे, कारण त्या अक्षरांचा ‘आत घेणे आणि बाहेर देणे’ असा संगणकी अर्थ होतो. त्यांचा मूळ अर्थ मात्र ‘ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश’, म्हणजे चागोस बेटे. हा मुलूख १९६५ साली मॉरिशसपासून तोडण्यात आला आणि १९६८ ते १९७३ या काळात तेथील सर्व रहिवाशांना हलवून दिएगो गार्सियावर लष्करी तळ उभारण्यात आला. ज्या भूमीवरून माणसे उठविली, तिच्या नावावर दूरदेशी व्यापार चालला. २२ मे २०२५ रोजी ब्रिटनने ही बेटे मॉरिशसला देण्याच्या करारावर सही केली. यादीतून ते देशचिन्ह उद्या निघाले, तर नियमाप्रमाणे साधारण पाच वर्षांत ‘आयओ’ हे पदही मिटावे लागेल.

किल्ल्या कोणाच्या हाती?

या सगळ्या पदांची मूळ वही, म्हणजे सर्व जिल्ह्यांची यादी, कोणाच्या ताब्यात असावी? कित्येक वर्षे ती व्यवहारतः एका माणसाच्या, पोस्टेल यांच्या विश्वासावर चालली. १९९७–९८ मध्ये अमेरिकन सरकार ती व्यवस्था बदलू लागले. तेव्हा २८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी मूळ वहीच्या प्रती सांभाळणाऱ्या आठ जणांना कळविले, की यापुढे सरकारी कंत्राटदाराची नव्हे, आमची प्रत प्रमाण माना. त्यांनी ते ऐकले! वरून दबाव येताच हा केवळ एक प्रयोग होता असे सांगून सर्व पूर्ववत करण्यात आले. जगाचे जाळे क्षणभर दुभंगण्याच्या काठावर येऊन गेले आणि ते जाळे वापरणाऱ्या बहुतेकांना त्याचा पत्ताही लागला नाही. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला कॅलिफोर्नियात ‘आयकॅन’ ही ना-नफा संस्था स्थापन झाली आणि १६ ऑक्टोबरला पोस्टेल वारले. अमेरिकन सरकारची या कारभारावरील देखरेख पुढे १ ऑक्टोबर २०१६ रोजी संपली.

आयकॅनने पदांची संख्या वाढविली. २००० साली ‘इन्फो’, ‘बिझ’, ‘म्युझियम’ आदी सात नवी पदे मंजूर झाली. २०१२ साली तर दारेच उघडली: १ लाख ८५ हजार डॉलर भरा आणि हवे ते पद मागा. १,९३० अर्ज आले. त्यात एका पुस्तकविक्यापासून वाढलेल्या अमेरिकन कंपनीने ‘ॲमेझॉन’ हे पद मागितले, आणि त्या नदीच्या खोऱ्यातील देश खवळून उठले. नदीचे नाव आधी कोणाचे? ब्राझील आणि पेरू यांनी वर्षानुवर्षे विरोध केला. २०१९ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. दुसऱ्या एका प्रकरणी मात्र लोकमत प्रभावी ठरले. धर्मादाय संस्थांच्या विश्वासाचे ‘ऑर्ग’ हे पद एका खाजगी भांडवली कंपनीला १ अब्ज १३ कोटी डॉलरच्या वर किंमत घेऊन विकण्याचा बेत २०१९ मध्ये जाहीर झाला. जगभरच्या संस्थांनी ओरड केली आणि ३० एप्रिल २०२० रोजी आयकॅनने परवानगी नाकारली.

आपला ‘इन’ आणि आपला ‘भारत’

आता घराकडे वळू. ‘इन’ हे पद भारताला १९८९ साली मिळाले, आणि त्याची वही आरंभी मुंबईतच, जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात होती. नियम कडक होते. २००४ अखेरपर्यंत या पदाखाली जेमतेम सात हजार नावे होती. जानेवारी २००५ पासून ‘निक्सी’ या संस्थेने कारभार हाती घेतला, दारे मोकळी केली आणि नावांची संख्या झपाट्याने वाढली.

त्याहून मोठा प्रश्न लिपीचा होता. ही सारी योजना रोमन अक्षरांवर उभी. मराठी माणसाने आपला पत्ताही परक्या लिपीत का लिहावा? २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरी ‘भारत’ हे पद खुले झाले, आणि मराठी, कोकणी, हिंदी यांसह आठ भाषांना त्याचा लाभ मिळाला. तांत्रिक सत्य असे, की पडद्याआड यंत्र आजही देवनागरी नावाचे रोमन अक्षरांत रूपांतर करूनच त्याचा शोध घेते. म्हणजे दारावरची पाटी आपली, चोपडी अजून त्यांची. तरीही पाटीला महत्त्व आहे. देवनागरी नावांचे नियम बांधताना मराठीचा एक सूक्ष्म विशेषही तज्ज्ञांना विचारात घ्यावा लागला: ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांतल्या खोल जागा. एका रकाराच्या आकाराने अर्थ बदलतो, हे जगाच्या नियमावलीत नोंदले जाणे ही लहान गोष्ट नव्हे. मात्र दार उघडले म्हणून वर्दळ वाढली, असे झाले नाही. आपली दुकाने, शाळा, ग्रंथालये अजून रोमन पाटीच लावतात. दोष यंत्राला देता येणार नाही.

शेवट वाचावयास शिका

या इतिहासातून नागरिकाने काय घ्यावे? एवढेच, की ही पदे तीन प्रकारची आहेत. काही पदांच्या दारावर पहारेकरी आहे: ‘गव्ह डॉट इन’ सरकारलाच मिळते, ‘एसी डॉट इन’ शिक्षणसंस्थांनाच. काही पदे उघड्या मैदानासारखी आहेत: ‘कॉम’, ‘ऑर्ग’, ‘इन’. तेथे साव बसतो आणि चोरही बसतो. आणि काही पदे सांगतात एक नि असतात दुसरीच: ‘टीव्ही’, ‘एआय’, ‘आयओ’. ‘ऑर्ग’ आहे म्हणून संस्था धर्मादाय ठरत नाही, आणि ‘इन’ आहे म्हणून माणूस भारतीय ठरत नाही.

बँकेच्या नावाने गंडविले गेल्याच्या बातम्या आपण रोज वाचतो. त्यातील एक युक्ती अगदी साधी आहे. पत्त्याच्या डाव्या अंगाला बँकेचे नाव ठळक घालावयाचे आणि उजव्या टोकाला भलतेच पद ठेवावयाचे. ‘आपलीबँक डॉट भामटा डॉट कॉम’ असा पत्ता असला, तर त्याचा धनी भामटा, बँक नव्हे. पुण्यातल्या ‘बॉम्बे लॉज’ला कोणी मुंबई समजत नाही, मग येथे का समजावे? म्हणून टपाल खात्याप्रमाणे पत्ता शेवटाकडून वाचावा. रिझर्व्ह बँकेने २०२५ साली बँकांसाठी ‘बँक डॉट इन’ हे राखीव पद सुरू करून ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सर्व बँकांनी तेथे यावे असे फर्मावले, ते याच दुखण्यावर औषध म्हणून. चाळीस वर्षांपूर्वी ज्या हेतूने ही पदे निघाली, नावावरून धनी ओळखता यावा या हेतूने, त्याच हेतूकडे आपण पुन्हा आलो आहोत. मधल्या काळात बाजाराने जे कुंपण मोडले, ते आता निदान पैशाच्या व्यवहारापुरते तरी बांधावे लागत आहे.

परंतु कुंपण कितीही मजबूत असले तरी वाचणाऱ्याचा डोळा त्याहून महत्त्वाचा. सनदेवरचा शिक्का खरा की खोटा हे आपले पूर्वज पारखून घेत असत. आपल्या काळातला शिक्का पत्त्याच्या शेवटी, एका टिंबानंतर उमटलेला असतो. तो वाचण्याची सवय प्रत्येक घराला लागावी, एवढी इच्छा आहे.